लाल सेनापतीपुढची सुकेळी

अंतोनने मला फसवलं, आणि माझ्या नावाने माझ्या आईला फसवलं. गोल गोल बोलायची मला सवय नाही, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहितो. अंतोन कोण, हे आमच्या गावात सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. शेजारच्या वाडीतला माझा मित्र, माझ्याबरोबर एकाच दिवशी पहिलं कम्युनियन घेतलेला, पुढे दोह्यात माझ्या दुकानाचा अर्धा भागीदार. हल्ली कॅनडात असतो. आपल्या गावचा नाताळ अंक तिकडेही जातो, तेव्हा हे तो वाचेलच.

मी वसई सोडली तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आदल्या दिवशी अंगणात शेजाऱ्यांनी लिटानीची प्रार्थना म्हटली, हरभऱ्याची उसळ खाल्ली आणि मला न मागितलेले सल्ले दिले. पहाटे जीप आली. आई विमानतळावर येणार नव्हती. काचेच्या दारापलीकडे पोराला जाताना बघायचं आणि मग रिकाम्या गाडीतून परत यायचं, हे तिला पटत नव्हतं. गावच्या क्रूसापर्यंत चालत आली आणि तिथे तिने जीप थांबवली.

माझी आई बाजारात बसायची. वडील आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून वाडीतली केळी, वांगी, आळू आणि हिवाळ्यात घरी वाळवलेली सुकेळी घेऊन ती वसईच्या बाजारात बसे. तिच्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. बाई उठून चालू लागली तरी आई हाक मारायची नाही. "जाऊ दे, फिरून येते," म्हणायची, आणि ती बाई फिरून यायची. धंद्यातलं जे काही मला येतं ते त्या ओट्यावर तिच्या मागे बसून आलं.

क्रूसापाशी तिने भाव सांगितला. "दर नाताळला घरी यायचं."

"दर नाताळला रजा कोण देतो, आय? दोन वर्षांतून एकदा."

"मग इस्टरला."

"एकच काहीतरी धर. तेही दोन वर्षांनी."

"मोनीच्या लग्नाला?" मोनी माझी धाकटी बहीण, तिथेच उभी होती. ती लाजली.

"लग्नाला येतो. तारीख मला विचारून धरा म्हणजे झालं."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती संध्याकाळी उरलेल्या मालाकडे बघायची. "बरं, राहू दे सगळं. जमेल तेव्हा ये. पण माझ्या मातीला ये. याच्या खाली मी उतरणार नाही."

मी हसलो. एवढ्या स्वस्तात सुटलो म्हणून मनातून खूशही झालो. हात पुढे केला आणि तिने त्यावर हात मारला, बाजारात सौदा ठरला की मारतात तसा. मग अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढला. आयुष्यात तिने कुणासाठी एवढा भाव उतरवला असेल तर तो माझ्यासाठी.

दोह्यात मी नजमा नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत राहिलो, जिथे आम्ही आडवे झालो की जमीन दिसायची नाही. हार्डवेअरच्या दुकानात गोणी उचलल्या, मग काउंटरवर उभा राहिलो, मग मालकाच्या आधी गिऱ्हाईक मला शोधू लागलं. मी तापट आहे. दोनदा नोकरी सोडली, एकदा काढला गेलो. पण भाव करायला बसलो की माझा राग बर्फासारखा थंड होतो. इराणी, मलबारी, पठाण, सगळ्यांशी हिंदीत भांडलो आणि अरबीत मिटवलं. "खलास" हा शब्द कुठे वापरायचा हे कळलं की या देशात धंदा येतो. पुढे अंतोनला बोलावून घेतलं आणि उम्म सलाल मोहम्मद या गावात दोघांनी टाइल्स आणि बाथरूम फिटिंगचं दुकान टाकलं. पाटीवर अर्थात अरबाबचं, म्हणजे आमच्या तिथल्या मालकाचं, नाव. तो कतारी, आम्ही त्याच्या नावावर. दुकान चालवायचं आम्ही, पण देश सोडून पाऊल बाहेर टाकायचं तर एक्झिट परमिटवर सही त्याची. माणूस वाईट नव्हता, पण अर्धा वेळ रुवैसला त्याच्या मासेमारीच्या बोटींवर असायचा आणि फोन उचलायचा नाही. कुणाच्या घरी मरण झालं तरी आधी सही शोधायची, मग रडायचं. ही आमच्याकडची रीत होती. सगळ्यांनाच लागू होती, त्यामुळे कुणी तिच्याविषयी बोलत नसे.

शुक्रवारी एका कंपाऊंडमधल्या हॉलमध्ये मिस्सा व्हायची. बाहेर पाटी नाही, क्रूस नाही. आत शिरलं की अर्धी वसई भेटायची. हॉस्पिटलातल्या नर्सेस, ऑफिसातले क्लार्क, आम्ही दुकानदार. मिस्सा संपल्यावर गावाकडची बातमी तिथे वाटली जायची, प्रसादासारखी.

नंतर दोह्यात बांधकामांची लाट आली. अल दुहैलला व्हिलांची कंपाऊंड्स उभी राहू लागली आणि माल चीनहून आणणाऱ्याचीच चलती झाली. तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली. मी चीनला जायचं, अंतोनने दुकान आणि फोन सांभाळायचा. मी चीनला असलो की घरचे दुकानाच्याच नंबरवर फोन करत आणि मी रोज संध्याकाळी हॉटेलातून अंतोनला. माझ्या घराची आणि माझी गाठ त्या दिवसांत एकाच माणसाच्या तोंडून पडायची.

ज्या खेपेविषयी लिहितोय ती दक्षिणेतल्या टाइल्सच्या शहरात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फरश्यांची दुकानं, मैलच्या मैल. एका कारखान्याच्या मालकाशी माझा भाव अडला. तो उतरेना, मी चढेना. दोघे तसेच चहा पीत बसलो. शेवटी तो त्याच्या दुभाषीला काहीतरी म्हणाला. तिचं नाव लिन. चुणचुणीत, मोडकं पण स्वच्छ इंग्रजी बोलणारी. ती म्हणाली, "मालक म्हणतात, त्यांचा सौदा अडला की ते देवळात जातात. तुम्हीही चला."

"तिथे गेल्यावर भाव कमी होतो का?"

"कधी कधी वाढतो," ती म्हणाली.

देऊळ शेकडो वर्षांचं होतं. बाहेर फरश्यांचे ट्रक आणि आत एकदम सावली. छताला उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली, मधमाश्यांच्या पोळ्यांसारखी, आणि त्यांची राख खाली उभ्या माणसांच्या केसांवर पडत होती. आत देव नव्हते, माणसं होती. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे योद्धे. मधोमध तिघांच्या मूर्ती. गोरा, लांब कानांचा थोरला. काळ्या तोंडाचा, डोळे वटारलेला धाकटा. आणि मधला लाल तोंडाचा सेनापती, छातीपर्यंत दाढी, हातात परजलेलं शस्त्र. त्याच्यापुढे गर्दी सगळ्यांत जास्त आणि बहुतेक सगळे दुकानदार. लिन म्हणाली, दिलेला शब्द न मोडणारा माणूस म्हणून व्यापारी त्याला मानतात.

त्यांची गोष्ट तिने मला खांबाजवळ उभी राहून सांगितली. तिघे रक्ताचे भाऊ नव्हते. फुललेल्या बागेत शपथ घेऊन भाऊ झाले होते. एका दिवशी जन्मलो नाही तरी एका दिवशी मरू, अशी. पण मधला दूरच्या मुलखात एकटा सापडला आणि मारला गेला. त्याचं डोकं एका गावात पुरलं आणि धड दुसऱ्या. "आणि आत्मा," लिन म्हणाली, "लोक म्हणतात, जन्मगावी परत गेला."

"म्हणजे तीन ठिकाणी घरभाडं," मी म्हणालो.

ती हसली. मग पुढचं सांगितलं. थोरला तोवर राजा झाला होता. भावाच्या मरणाची बातमी आली तेव्हा मंत्र्यांनी त्याला परोपरीने सांगितलं, आत्ता निघू नका, वेळ बरी नाही. त्याने ऐकलं नाही. निघाला. सैन्य गेलं, राज्य खिळखिळं झालं आणि तो स्वतःही राजधानीला परत आला नाही.

"ही बातमी त्याला दिली कोणी?" मी विचारलं.

"दूत असेल कुणीतरी."

"त्या दूताला आधी कामावरून काढायला हवं होतं."

लिनने ते मालकाला भाषांतर करून सांगितलं. तो हसला नाही. काहीतरी पुटपुटला. लिन म्हणाली, "मालक म्हणतात, तो निघाला म्हणून लोक अजून इथे येतात. न जाणाऱ्याचं देऊळ कोणी बांधत नाही."

मला ते टाळ्या घेण्यापुरतं वाक्य वाटलं.

लोक सेनापतीपुढे फळं ठेवत होते. मालकाने संत्री ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी ख्रिस्ती माणूस, हात कसे जोडू, हा प्रश्न होताच. पण समोरचा पाहुणा मानला तर त्याला काहीतरी खायला द्यायला हरकत नाही, असा विचार करून मी बॅग उघडली. आत सुकेळीची एक मोळी होती. आई राजेळी केळी उन्हात वाळवायची, केळीच्या सोपटात बांधायची आणि दोह्याला येणाऱ्या कुणाहीबरोबर पाठवायची. माझ्यासोबत ती जगभर फिरायची. ही शेवटची मोळी मी हॉटेलात खायला ठेवली होती. ती सेनापतीच्या पायाशी ठेवली. मालकाने वाकून तिचा वास घेतला आणि विचारलं, कुणी केलं. "माझ्या आईने," मी म्हणालो.

देवळाच्या पायऱ्यांवरच मालक माझ्या दरावर उतरला. मला आनंद झाला. म्हटलं, आईची सुकेळी इथेही कामाला आली.

आई त्या दिवशी पहाटे गेली होती.

संध्याकाळी मी हॉटेलातून दुकानात फोन लावला. त्या फोनमधला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"घरून काही?" मी विचारलं.

"सगळं ठीक. तू तिथलं उरक," अंतोन म्हणाला.

"अरबाब?"

"रुवैसला. बोटीवर."

मी सौदा जमल्याचं सांगितलं आणि खुशीत होतो म्हणून देवळाची गोष्टही सांगितली, तिखटमीठ लावून. शेवटी म्हणालो, "एका बातमीपायी राज्य घालवलं बघ त्याने. पदरी एक शहाणा माणूस असता, तर मोसम संपेपर्यंत बातमी दाबली असती."

मग अंतोन म्हणाला, "खरंय. खरंय तुझं."

माल भरून, कंटेनर सील करून मी दोह्याला उतरलो. अंतोन स्वतः न्यायला आला होता, एरवी ड्रायव्हरला पाठवायचा. शर्ट काळा. गाडी समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याला लागल्यावर, समोर बघतच म्हणाला, "पास्कू, आय गेली."

"कुणाची?"

"तुझी."

मी विचारलं, कधी. तो म्हणाला, तू देवळात गेलेलास ना, त्या दिवशी. मी विचारलं, माती? तो म्हणाला, झाली, दुसऱ्याच दिवशी. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तूच म्हणालास ना," तो म्हणाला. "बातमी दाबायची म्हणून."

मी चालत्या गाडीचं दार उघडलं. तो ओरडत ब्रेक दाबेपर्यंत माझा एक पाय रस्त्यावर होता. बॅग गाडीतच राहिली. दुपारच्या उन्हात मी चालत राहिलो. तो म्हणत होता ते मी बोललो होतो. माझा माल मलाच परत दाखवला जात होता.

घरी जायला सही हवी होती. अरबाब फोन घेईना म्हणून टॅक्सी करून रुवैसला गेलो. धक्क्यावर जाळी वाळत होती. त्याने मला बघितलं, मिठी मारली, "अल्लाह यरहमहा", देव तिच्यावर दया करो, म्हणाला, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मग त्याच्या त्या हिंदीत विचारलं, "तुम्हारा मा मर गया, तुम चीन में क्या करता? मैं अंतोन को बोला, पासपोर्ट इधर नहीं, वो बाहर है, उधर से जाने दो. अंतोन बोला, उसको मालूम है."

तेव्हा मला कळलं. दोह्यातून निघायला सही लागते. त्या दिवशी मी दोह्यात नव्हतो. पासपोर्ट माझ्या खिशात होता, हाँगकाँगमार्गे मुंबईचं विमान होतं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणाच्याही सहीची गरज नव्हती. मला अडवायला फक्त अंतोन होता.

आणखी एक गोष्ट मला हॉलमधल्या एका नर्सने सांगितली, मला माहीत असेल असं समजून. त्या शुक्रवारी दोह्यात माझ्या आईसाठी मिस्सा झाली होती. तिचं नाव वाचलं गेलं, सगळे गुडघ्यावर बसले. सगळ्यांना ठाऊक होतं. मी कंटेनर मोजत होतो.

वसईला पोचलो तोवर मातीवरची फुलं काळी पडली होती. मोनी माझ्याशी बोलेना. तिचं लग्न तोवर झालं होतं, आणि त्याला मी आलो होतो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "हॉस्पिटलात ठेवायची सोय झाली होती, दादा. फादर म्हणाले होते, मुलगा येईपर्यंत थांबू. आम्ही थांबलोच होतो."

"मग?"

"मग संध्याकाळी अंतोनचा फोन आला. म्हणाला, पास्कू म्हणतोय, थांबू नका, उरकून घ्या."

मी म्हणालो, मी असं म्हणालो नाही. मोनी भांडी घासत राहिली. "आय शेवटपर्यंत म्हणत होती," ती म्हणाली, "बाकी कशाला येणार नाही तो. मातीला येईल. ठरलंय आमचं."

त्यानंतर अंतोन आणि मी वेगळे झालो. त्याने त्याचा वाटा विकला आणि कॅनडाला गेला. दर नाताळला शुभेच्छा पाठवतो, वर बर्फाचं झाड आणि खाली कुटुंबाचा फोटो. मी उत्तर देत नाही. दुकान मोठं झालं. दोह्याबाहेर वाळवंटात आता खरं चर्च झालंय, गाड्या लावायला जागा पुरत नाही. माझी मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. हा विषय निघाला की थोरला म्हणतो, "लेट इट गो, डॅड." त्याची आजी त्याला तीन-चार सुट्ट्यांपुरती भेटली होती. तो कशाला धरून ठेवेल.

मी मात्र बरीच वर्षं गप्प होतो. गप्प राहायचं कारण तेच एक वाक्य. "तूच म्हणालास ना." तोंडातून निघालेल्या शब्दावर मी आयुष्यभर लोकांना धरलं, आता मला कोणी धरलं तर तक्रार कुठे करायची. रात्री झोप लागायची नाही आणि दिवसा दुकानात मन लागायचं नाही. देवाशी भांडावं म्हटलं तर भांडायला मुद्दाच हातात नव्हता.

तो परवा हातात आला. काउंटरवर ड्रायव्हर आणि गोदामवाला भांडत होते. फुटलेल्या फरश्या कुणाच्या, यावरून. हा म्हणतो तो म्हणाला उतरव, तो म्हणतो हा म्हणाला थांब. मी सवयीने ओरडलो, "कोण काय बोललं ते नको. आधी कोण बोललं ते सांगा." आणि तिथेच थांबलो. दोघे माझ्याकडे बघत राहिले.

आधी कोण बोललं.

अंतोन, गोष्ट मी नंतर सांगितली. फोन लागल्या लागल्या मी विचारलं होतं, घरून काही? आणि तू म्हणालास, सगळं ठीक. तेव्हा तुला सेनापती ठाऊक नव्हता, राजा ठाऊक नव्हता, दूत ठाऊक नव्हता. त्या गोष्टीचा मी अजून एक शब्द बोललो नव्हतो. माझी आई सकाळपासून हॉस्पिटलात बर्फावर पडून होती आणि तुला ते माहीत होतं. माझी गोष्ट तुला फुकटात मिळाली, म्हणून तू ती वापरलीस. आणि ती अंगावर घेऊन मी इतकी वर्षं जगलो.

गाव सोडून गेलेले आपण सगळे हा अंक वाचताना घर घर करतो. बाहेर राहिलं की घराचा अर्थ रोज बदलतो, वाडी, विहीर, क्रूस, शेजारणी. विहीर बुजली, वाडीत इमारत आली, मोनी नवऱ्याकडे. माझ्यासाठी आता एकच अर्थ उरलाय. घर म्हणजे जिथे आपल्यासाठी कोणी थांबतं. माझं घर एका संध्याकाळपर्यंत थांबलं होतं. त्या सेनापतीचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे असलं तरी आत्म्याला जायला गाव होतं. मला तेवढंही नाही. गावी गेलो की सिमेट्रीत उभा राहतो आणि आईला सांगावं असं माझ्याजवळ काहीच नसतं, कारण मी कबूल केलेली एकच वस्तू पोचली नाही.

आईचा भाव मी पाडला, तो गुन्हा असेल तर माझा. पण जो भाव ठरला तो तू मोडलास, आणि मोडताना माझं नाव घेतलंस. का? कंटेनरसाठी? माझ्या शिव्यांच्या भीतीने? मोनीला जे सांगितलंस ते कुणाच्या तोंडाने? मला पत्र नको, शुभेच्छा नकोत, बर्फाचं झाड नको. विमानाचं तिकीट काढ, वसईला ये, मोनीला शेजारी उभी कर आणि आईच्या मातीवर उभा राहून त्या "सगळं ठीक"चं उत्तर दे.